अंबादासनं निवडलेलं कॉलेज

अंबादास ढोमणे कामात सहसा चुकत नसे. जबलपूरच्या सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यानं एकतीस वर्षं लोखंड कापलं, आणि त्याच्या हातचा जॉब तपासनिसानं परत पाठवला असं दोनदाच घडलं. तेही, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, तपासनिसाचा चष्मा जुना झाला होता म्हणून. असा माणूस चुकला की पंचाईत होते, कारण त्याच्या चुकीवर कोणी शंकाच घेत नाही. अंबादासनं ती चूक केली त्रेसष्ट सालच्या जुलैत, अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून.

त्याला पोराला वकील करायचं होतं. हे वेड त्याच्या डोक्यात घुसलं विठोबामुळे.

विठोबा कुळे हा त्याच्या शेजारच्या लेथ मशीनवरचा. आर्वीचा, म्हणजे अंबादासच्या बायकोच्या, शकुच्या गावचा. सत्तावन्न साली त्याच्या नावावर काढलेला, बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर हरवला. खरं म्हणजे विठोबानं तो सुट्टीच्या भोंग्याआधी हत्यारं द्यायघ्यायच्या खिडकीवर परत दिला होता, आणि देताना अंबादास त्याच्या मागेच रांगेत उभा होता. पण तिथल्या बाबूनं नोंद केली नाही, आणि चौकशी बसली. साहेब इंग्रजीत विचारत, बाबू हिंदीत सांगे, आणि विठोबा प्रत्येक प्रश्नाला मान हलवून "जी साहब" म्हणे, मग प्रश्न कसाही असो. अंबादासला साक्षीला बोलावलं. तो घरून सगळं पाठ करून गेला होता. साहेबांनी मान वर करून विचारलं, "तुमने अपनी आँखों से देखा?" आणि पाठ केलेलं सगळं अंबादासच्या डोक्यातून गेलं. "भीड़ थी साहब," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

विठोबाची नोकरी गेली. तो बायकापोरांना घेऊन कुंडमच्या जंगलात लाकडाच्या डेपोवर राखणदार म्हणून गेला. तीन महिन्यांनी मायक्रोमीटर कपाटामागं सापडला, पण त्यासाठी विठोबाला परत बोलवावं असं कोणाला वाटलं नाही. अंबादासला ते फार लागलं. त्याच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली: आपल्या घरात एक तरी माणूस असा पाहिजे, ज्याला साहेबासमोर बोलता येतं.

आणि बोलणारा घरात तयारच होता. श्रीरंग, एकुलता एक. हा पोरगा जिभेवर सरस्वती घेऊनच आलेला. जबलपुरातल्या गोरखपूर वस्तीच्या बाजारात आईबरोबर भाजीला गेला की भाजीवालीच म्हणे, "भैया, तुम बोलो मत, जो देना है दे दो." शाळेत दोन पोरांचं भांडण झालं की हा मध्ये. एकदा मास्तरांनी सगळ्या वर्गाला शिक्षा केली, तर यानं उभं राहून मास्तरांनाच अशी कारणं दिली की त्यांनी शिक्षा निम्मी केली. छप्पन साली राज्य बदललं, राजधानी भोपाळला गेली, पण हायकोर्ट जबलपूरला आलं. अंबादासला वाटे, सरकारनं हे आपल्याच सोयीसाठी केलं. घरापासून सायकलनं जाण्याजोगं हायकोर्ट किती बापांच्या नशिबी येतं?

त्रेसष्टमध्ये श्रीरंग हायर सेकंडरी पास झाला. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती आणि कारखान्यात माणसाला मान वर करायला फुरसत नव्हती. रोज दहा तास काम, रविवारही कामाचा, रजा बंद. तशातच एका संध्याकाळी अंबादास सायकल वळवून दीक्षितपुऱ्यात विष्णुपंतांकडे गेला. विष्णुपंत हायकोर्टातल्या एका मोठ्या वकिलाचे मुन्शी. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झालेली. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत त्यांनी अंबादासला बसवलं.

"पंत, पोट्ट्याले वकील करायचं आहे," अंबादास म्हणाला. "कोणत्या कॉलेजात टाकू, काय काय विषय पाहिजेत, एका कागदावर लिहून द्या मले. म्हणजे तसंच्या तसं करतो."

"कागद कशाचा लिहू, अंबादासजी?" विष्णुपंत हसले. "वकिलीच्या वर्गाला आधी कोणती तरी डिग्री लागते, बस. बी.ए. असो, बी.कॉम. असो, बी.एस्सी. असो. तिथं सगळे सारखे."

"असं कसं जी? काहीतरी तं ठरलेलं असन."

"ठरलेलं काहीच नाही. तीस वर्षं आमच्या साहेबांना पाहून राहिलो मी. दिवसभर काय करतात? वाचतात, लिहितात आणि बोलतात. पोराला ज्यात गोडी आहे ते घेऊ द्या. जिथं त्याला वाचायला लावतील, लिहायला लावतील आणि त्याचं बोलणं खोडून काढतील, अशा ठिकाणी टाका. बाकी कायदा पुढं शिकवतातच."

विष्णुपंतांनी एका आर्ट्स कॉलेजचं नावही सांगितलं. तिथं इतिहासाचे एक प्रोफेसर दर शनिवारी मुलांना वाद घालायला बसवत.

अंबादास परत आला तो कपाळाला आठ्या घालूनच. टूलरूममध्ये ड्रॉइंगशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही, हा नियम. कागदावर माप, मापाच्या पुढं किती कमीजास्त चालेल तो आकडा, कोणतं काम आधी, कोणतं नंतर, सगळं लिहिलेलं. मग हायकोर्टाचा वकील म्हणजे एवढा मोठा जॉब, आणि त्याला ड्रॉइंगच नाही? गोडी बघा म्हणे! अंबादासनं ठरवून टाकलं की विष्णुपंतांना ठाऊक नाही. मुन्शी तो मुन्शी; गठ्ठे बांधणाऱ्याला आतलं काय कळणार?

तरी माणूस न्यायी होता. आर्ट्सचं आणि सायन्सचं, दोन्ही कॉलेजं डोळ्यांनी पाहायची असं त्यानं ठरवलं. मोठ्या मिनतवारीनं अर्धा दिवस मिळाला. बापलेक दोन सायकलींवर निघाले.

आधी आर्ट्स कॉलेज. घंटा होऊन गेली होती तरी व्हरांड्यात दहा-बारा पोरं बसलेली, आणि कठड्यावर पाय हलवत प्रोफेसर. हातात ना पुस्तक ना खडू. चीनच्या लढाईत चूक कोणाची, यावर कडाक्याचं भांडण चाललेलं. एका काटकुळ्या पोरानं प्रोफेसरांचंच म्हणणं कापलं. अंबादासला वाटलं, आता याची काही धडगत नाही. तर प्रोफेसर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "ठीक कहते हो, मैं ग़लत था." श्रीरंगचा चेहरा असा फुलला की जणू त्यालाच कोणी शाबासकी दिली. अंबादासनं मात्र खिशातून सायकलची किल्ली काढली. गुरुजीच स्वतःला चूक म्हणतो, आणि तेही पोरांसमोर? टूलरूमच्या फोरमननं असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोणी त्याचं ऐकलं नसतं.

मग सायन्सचं कॉलेज. तिथं घंटा झाली आणि सगळी पोरं एका झटक्यात आत गेली. टेबलांवर ओळीनं बाटल्या, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू, चिमट्यानं उचलायची नाजूक वजनं. एक शिक्षक टेबलाटेबलाशी जाऊन पोरांच्या वह्या बघत होते आणि प्रत्येक पानाखाली लाल शाईनं सही करत होते. सही नसेल तर पान बाद. अंबादास त्या तराजूपाशी कितीतरी वेळ उभा राहिला. त्याला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. चूक झाली ती इथं. जे आपल्या ओळखीचं, तेच पोराच्या कामाचं, असं तो धरून बसला.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात बसून श्रीरंगनं आपली बाजू मांडली. सतरा वर्षांचा पोरगा, पण किती मुद्देसूद बोलला! म्हणाला, गणितात मी कसाबसा पास होतो, इतिहासात वर्गात पहिला येतो. म्हणाला, बाबा, वकिलाला लोकांचं म्हणणं तपासायचं असतं, बाटलीतल्या क्षाराचा रंग नाही. म्हणाला, मार्क कमी पडले तर पुढं वकिलीच्या वर्गात जायला डिग्रीच हाती राहायची नाही. शेवटचं म्हणाला, "विष्णुपंतकाका तेच काम करून राहिले ना तीस वर्षं? त्यांचं काहून ऐकत नाही तुम्ही?"

अंबादास ऐकत होता आणि अभिमानानं त्याचा ऊर भरून येत होता. गंमत पाहा: पोरगा इतकं छान बोलला, म्हणूनच बापानं त्याचं ऐकलं नाही. त्याला वाटलं, बोलणं तर याला येतंच. ते शिकायला कॉलेज कशाला? आता फक्त डोकं पक्कं करायचं.

"बोलणं तुले येते," तो म्हणाला. "आता मोजमाप शिक. सायन्स केलेल्या माणसाले कोणी फसवू शकत नाही. तीन वर्षं कळ काढ, मंग जा हायकोर्टात."

"त्याचं मन काय म्हणते ते तं पाहा," शकु चुलीपासून म्हणाली.

"मनानं काय होते, शकु? इंचाच्या हजाराव्या भागाची चूक मन पकडते का?"

श्रीरंग दारातून उठला. मग म्हणाला, "ठीक आहे, बाबा." वाद घालणारा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा हरला, आणि जिंकणाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती अंबादासनं कोणालाच सांगितली नाही. टूलरूममध्ये महत्त्वाचा जॉब असला की एक तुकडा जास्तीचा कापून ठेवतात. पहिला बिघडला तर दुसरा हाताशी असावा. बी.एस्सी. झालेला मुलगा वकील नाही झाला, तर कारखान्यात थेट चार्जमन म्हणून, कामगारांच्या वरच्या जागेवर, लागू शकत होता. हा हिशेब त्याच्या मनात त्या दुपारी तराजूपाशी उभा असतानाच होता. पुढं कितीतरी वर्षं तो स्वतःलाही ही गोष्ट कबूल करत नव्हता. पोराचं डोकं पक्कं करायला निघालेल्या बापानं पोरावर पूर्ण भरवसा टाकलाच नव्हता.

श्रीरंगचे पुढचे दिवस सांगायला जीवावर येतं. प्रयोगशाळेत त्याला क्षार ओळखायला दिला की तो निकाल एका ओळीत लिहायच्या ऐवजी दीड पान लिही: रंग आधी कसा होता, मग कसा बदलला, आपल्याला शंका का आली. शिक्षक लाल शाईनं लिहीत, "कहानी मत लिखो." पहिल्या वर्षी तो रसायनात अडकला, पुरवणी परीक्षेत कसाबसा निघाला. दुसऱ्या वर्षी गणितानं धरलं ते सोडलंच नाही. घरात त्याचं बोलणं कमी होत गेलं. बाजारात आता तोच म्हणे, "आई, दे जेवढे मागते तेवढे." शकुच्या हे ध्यानात आलं. अंबादासच्या आलं नाही, कारण पासष्टची लढाई सुरू झाली होती, खिडक्यांना काळे कागद लागले होते, आणि तो घरी यायचा तो फक्त जेवायला आणि झोपायला.

सहासष्टच्या उन्हाळ्यात निकाल लागला. पुन्हा नापास. श्रीरंगनं तो कागद बापापुढं ठेवला नाही. त्यानं दुसरंच सांगितलं, "बाबा, कारखान्यात भरती निघाली आहे. लेथवर टर्नरची जागा आहे. मी फॉर्म भरून राहिलो."

अंबादासनं "अच्छा" म्हटलं. पोरगा आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला दुःख झालं, पण त्याच्याआधी, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर, आपल्याला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं त्याला पुढं जन्मभर टोचलं.

श्रीरंग चांगला कारागीर झाला. तक्रारीला जागाच नव्हती, आणि तेच अंबादासला जास्त लागे. पोरगा चिडला असता, एकदा तरी तोंडावर बोलला असता तर बरं झालं असतं. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बाहेरून बी.ए. करायचं म्हणून त्यानं एकदा फॉर्म आणला होता, पण ते एकाहत्तर साल होतं. पुन्हा लढाई, पुन्हा बारा-बारा तासांच्या पाळ्या. फॉर्म भरायची तारीख निघून गेली आणि त्यानं पुन्हा आणला नाही.

विष्णुपंत एकदा गणपतीत भेटले. "पंत, तुम्ही सांगितलं होतं," अंबादास म्हणाला. "सांगितलं होतं खरं," विष्णुपंत म्हणाले, आणि भला माणूस म्हणून त्यांनी विषय बदलला.

बापलेक रोज बरोबर कामावर जात, बरोबर परत येत. फाटकातून हजारो सायकली एकदम बाहेर पडत, आणि गोरखपूर येईपर्यंत गर्दी पांगून दोघंच शेजारी शेजारी उरत. अंबादास रोज ठरवी की आज बोलायचं: श्रीरंगा, मी चुकलो, तुझं बरोबर होतं. तोंड उघडून तो म्हणे, "तुह्या सायकलची चेन ढिली झाली आहे." श्रीरंग म्हणे, "हो, रविवारी करतो." अशा कितीतरी चेनी झाल्या, पंक्चरं झाली, आणि बोलायचं राहिलं ते राहिलंच.

"त्याले सांगून टाका ना एकदा," शकु म्हणे. "तो काय खाऊन टाकते का तुमाले?"

त्र्याहत्तरमध्ये अंबादासचा रिटायर व्हायचा दिवस आला. कारखान्याची रीत अशी की शेवटच्या दिवशी शॉपमध्येच, म्हणजे कामाच्या शेडमध्येच, खुर्च्या मांडायच्या, हार घालायचा, भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, आणि जाणाऱ्यानं चार शब्द बोलायचे. बहुतेक लोक "गलती माफ करना" म्हणून बसतात. अंबादासनं मात्र महिनाभर आधीपासून मनाशी ठरवलं होतं. घरी जमलं नाही, रस्त्यात जमलं नाही, तर आता सगळ्यांसमोर. त्यानं कागदावर हिंदीत लिहून काढलं होतं: माझा मुलगा इथं लेथवर उभा आहे, त्याची जागा हायकोर्टात होती. मुन्शीनं सांगितलं, मुलानं सांगितलं, मी ऐकलं नाही. दोष माझा आहे. तीन-चार ओळी. शकुला वाचून दाखवल्या तेव्हा तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हे बोला. हेच बोला."

समारंभाला मोठे साहेब आले. हार झाले. मग शॉपच्या लोकांनी आग्रह करून श्रीरंगला उभं केलं, बापाबद्दल दोन शब्द बोल म्हणून. तो हात पुसत पुसत आला आणि बोलायला लागला. सात वर्षं तो चार माणसांत बोलला नव्हता. अंबादासला वाटलं होतं, ते आता गेलं असेल. कुठं गेलं होतं? बाप कसा जॉब हातात घेऊन बोटानं धार बघतो, कसा तपासनिसाच्या चष्म्याला दोष देतो, लढाईच्या दिवसांत उभ्या उभ्या कसा जेवायचा, सगळं त्यानं असं सांगितलं की लोक आधी हसले, मग गप्प झाले. मागच्या रांगेतला फोरमन नाक शिंकरू लागला.

तो बोलून थांबला तेव्हा मोठ्या साहेबांनीच टाळी सुरू केली. त्यांनी विचारलं, "अरे, तुम यहाँ क्या कर रहे हो? तुम्हें तो वकील होना था."

अंबादासनं खिशातला कागद धरला. हीच वेळ होती.

पण श्रीरंग त्याच्याआधी बोलला. सहज, हसत बोलला. "साहब, पिताजी ने तो बहुत चाहा. कॉलेज में डाला, सब किया. मेरा ही मन नहीं लगा. मुझे तो शुरू से मशीन ही अच्छी लगती थी."

त्यानं बापाकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. सगळ्यांसमोर बापाची मान खाली जाऊ नये म्हणून पोरगा बोलला होता, आणि त्याला सगळ्यात चांगलं येत असलेलं काम, दुसऱ्याची बाजू घेऊन बोलणं, त्यानं बापासाठी केलं होतं. अंबादासला सगळं कळलं. आता कागद वाचला तर पोरगा मोठ्या साहेबांसमोर खोटा पडणार होता.

"क्यों ढोमणे," साहेब त्याच्याकडं वळून हसत म्हणाले, "लड़के ने आपकी बात नहीं मानी?"

अंबादासच्या गळ्यात झेंडूचा हार होता, मांडीवर घड्याळाची पेटी होती. त्यानं कागद खिशातच चुरगाळला.

"नहीं मानी, साहब," तो म्हणाला.

सगळे हसले. श्रीरंगही हसला आणि बापाच्या खांद्यावरून घसरलेला हार त्यानं नीट केला. तेव्हापासून कारखान्यात आणि गोरखपुरात सगळ्यांना ठाऊक आहे, की ढोमण्यांच्या पोरानं बापाचं ऐकलं नाही.